माया

सकाळी एकतीस.
संध्याकाळी, ट्राम टेकडी चढून घरापाशी येईपर्यंत, सदतीस.
इंच सांगतेय. मोजायची सवय आहे,
अकरा वर्षं टेप गळ्यात असते,
मंगळसूत्र डब्यात.

शेफील्डच्या मार्केटमागे, किल्ल्या बनवणाऱ्याला लागून
आमचं अल्टरेशनचं दुकान.
मी, बोझेना, आणि एक हीटर
जो फक्त बोझेनाच्या पायांना ओळखतो.
पँटी आखूड करायच्या, झिपा बदलायच्या,
एप्रिल लागला की नवऱ्या मुली.
टेप कमरेला टेकली की सगळ्याजणी पोट आत ओढतात.
मी म्हणते, श्वास सोडा.
म्हणतात, सोडलाय.
मी थांबते.
ओठांत टाचण्या धरून थांबणं मला जमतं.
मग दीड इंच हळूच बाहेर येतो,
उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा ओशाळून,
आणि मी तो लिहून घेते.

माझं असं कुणी लिहून घेतलं नव्हतं.
नऊ वर्षं.
एक डॉक्टर म्हणाला, गॅस.
एकीने विचारलं, घरी काही ताण?
एकाने डाळी बंद करायला सांगितल्या,
म्हणजे माझ्या आईचं अर्धं स्वयंपाकघर.
मग बेंबीतून दुर्बीण घातली आणि सापडलं:
गर्भाशयाच्या अस्तरासारखंच काहीतरी,
भलत्याच जागी.
अस्तर!
भूल उतरता उतरता मला हसू फुटलं,
नर्सला वाटलं रडतेय.
चुकीच्या जागी अस्तर लागलं
की कापड ओढलं जातं, चुण्या पडतात, बसत नाही अंगावर.
मला विचारलं असतं
तर पहिल्याच वर्षी सांगितलं असतं.

ट्राममध्ये एका बाईंनी उठून जागा दिली.
किती महिने?
मी म्हणाले, पाच.
पाय दुखत होते. बसले.
मग त्यांनी विचारलं, नाव ठरलं का?
आणि मला एकही नाव सुचेना.
एक स्टॉप आधीच उतरले,
उरलेला चढ चालत,
पोटावर पर्स धरून, जणू चोरीचं काही आहे.

त्या रात्री आरशासमोर उभी राहिले, कपड्यांशिवाय.
गरम पाण्याच्या पिशवीने
कातडीवर तपकिरी जाळी विणली आहे,
वर्षानुवर्षं, रोज थोडी.
बेंबीशी तीन टाके. बरे घातलेत,
मी आणखी बारीक घातले असते.
पोट डमरूसारखं ताणलेलं.
मी त्याला म्हणाले, श्वास सोड.
म्हणालं, सोडलाय.
मी थांबले.
बराच वेळ थांबावं लागलं.

रेडिमेड स्कर्टात काही उसवायला नसतं,
पाव इंच, ओव्हरलॉक, संपलं.
म्हणून हिरवी लोकर घेतली, दोन मीटर, उरलेल्या तागातली, स्वस्त.
दोन्ही बाजूंना दोन दोन इंच आत सोडलं.
बोझेना म्हणाली, वेडी, केवढं कापड वाया घालवतेस!
तुमच्याकडे काय म्हणतात याला?
माया, मी म्हणाले.
म्हणजे?
मी दोन्ही अर्थ सांगितले.
तिने शिलाई पुन्हा बोटांनी चाचपली, मग काहीच बोलली नाही.

कमरेला दोन बटणं लावली आहेत.
एक सकाळचं, एक चारनंतरचं.

काल कर्स्टी आली, लग्न जूनमध्ये,
मी तिच्या घेराला टाचण्या लावत गुडघ्यांवर,
ती वरून गोड आवाजात,
तुला कधीची तारीख दिलीय?
बाळ नाही, मी म्हणाले, आजार आहे.
आता वाढेल, परवा ओसरेल, पुन्हा येईल.
ती कानांपर्यंत लाल. सॉरी, सॉरी.
हलू नकोस, टाचणी लागेल.

चार वाजले होते.
मी उठले आणि तिच्यासमोरच
पहिलं बटण काढून दुसरं लावलं.
आत कापडाने थोडी जागा दिली.
बोझेनाने मशीनवरून मान न उचलता
पायानेच हीटर
माझ्याकडे वळवला.